हाताचा अंमल, यंत्राचा अंमल

विमान कोसळल्याची वार्ता येते तेव्हा मृतांची संख्या निश्चित होण्यापूर्वीच एक प्रश्न सर्वत्र विचारला जाऊ लागतो : चूक माणसाची की यंत्राची? हा प्रश्न करणाराच्या मनात वैमानिककक्षाचे जे चित्र असते त्यात दोन स्वतंत्र कारभारी शेजारी शेजारी बसलेले असतात, एक हाडामांसाचा आणि दुसरा तारांचा व गणिताचा. आणि त्यांपैकी कोणी आपले कर्तव्य चुकवले, एवढाच काय तो निर्णय व्हावयाचा राहिलेला असतो. पुढे यथावकाश चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होतो, त्यातील एखादे वाक्य उचलून कोणी वैमानिकाला दोषी ठरवतो, कोणी कारखानदाराला, आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. परंतु हे अहवाल जो कोणी सावकाशीने वाचील, त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की अत्यंत भयंकर अशा कित्येक अपघातांत विमान निव्वळ माणसाच्या हाती नव्हते आणि निव्वळ यंत्राच्याही हाती नव्हते. ते एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जात होते, किंवा दोघांनी ते एकाच वेळी धरले होते, किंवा दुसऱ्याने धरलेच आहे अशा समजुतीने ते कोणीच धरलेले नव्हते. या संक्रमणाच्या क्षणांचे शिक्षण हा वैमानिकाच्या विद्येचा गाभा व्हावा, ते शिक्षण देण्याची जागा सिम्युलेटरवाचून दुसरी नाही, आणि आज सिम्युलेटरचा जो उपयोग आपण करतो त्यात या गाभ्यालाच सर्वांत थोडा वेळ मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९४ साली महिनाभराच्या अंतराने दोन विमाने पडली. २३ मार्चला मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेले एरोफ्लोटचे एअरबस ए-३१० सैबेरियात मेझ्दुरेचेन्स्क गावाजवळ कोसळले आणि ७५ जण मृत्युमुखी पडले. २६ एप्रिलला तैपेहून आलेले चायना एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० जपानात नागोया येथे उतरता उतरता कोसळले आणि २७१ पैकी २६४ जणांचा अंत झाला. दोन्ही विमाने एकाच कारखान्याची, एकाच कुळातली, आणि त्यांच्या वैमानिककक्षाची रचनाही बहुतांशी सारखी. सैबेरियावरून जाताना वैमानिकाने आपल्या अल्पवयीन मुलाला आसनावर बसू दिले होते. ऑटोपायलट चालू असता मुलाने हातातले चाक वळवून धरले, यंत्र आपला मार्ग सोडीना, ही ओढाताण अर्धा मिनिट चालली, आणि मग यंत्राने, त्याच्या रचनेतच तशी तरतूद असल्यामुळे, विमानाचा डावा-उजवा कल सांभाळण्याचे काम सोडून दिले. उंची राखणे वगैरे बाकीचा अंमल मात्र त्याने चालूच ठेवला. या अर्धवट राजीनाम्याची वर्दी एका दिव्याने दिली. घंटा वाजली नाही. ज्यांची कारकीर्द मोठ्याने इशारा देणाऱ्या सोव्हिएत विमानांवर गेली होती त्या वैमानिकांच्या लक्षात तो दिवा आला नाही, आणि कोणाच्याच ताब्यात नसलेले विमान कलत कलत उभे झाले.

नागोयाला याच्या अगदी उलट घडले. सहवैमानिक विमान हाताने उतरवीत असता, उतरणे रद्द करून पुन्हा वर चढण्यासाठी जी कळ असते तिला चुकून त्याचा हात लागला. इंजिनांची शक्ती वाढली, यंत्रणेच्या लेखी आता चढाईचा हुकूम सुटला. सहवैमानिकाला उतरावयाचे असल्यामुळे त्याने दांडा पुढे रेटून नाक खाली दाबले. मध्यंतरी ऑटोपायलट जोडला गेला, आणि मिळालेल्या हुकुमाशी इमान राखून तो शेपटीचा संपूर्ण आडवा पंखच नाक वर जाईल अशा रीतीने हळूहळू फिरवू लागला. हाताच्या ताब्यात त्या पंखाच्या मागची लहानशी पट्टी होती आणि यंत्राच्या ताब्यात सबंध पंख. ही झुंज कोण जिंकणार हे त्यातच ठरलेले होते. चढाईच्या या अवस्थेत दांडा कितीही रेटला तरी ऑटोपायलट सुटू नये, अशी त्या विमानाची रचना होती. ती बदलण्याची सूचना कारखान्याने १९९३ सालीच काढलेली होती, पण या विमानावर ती अद्याप अमलात आलेली नव्हती. पहिल्या विमानात हाताने जोर केला आणि यंत्राने गुपचूप सोडले. दुसऱ्यात हाताने जोर केला आणि यंत्राने सोडलेच नाही. या दोन्ही नियमांचे समर्थन कागदावर करता येते. हाताचा धक्का चुकूनही लागू शकतो, म्हणून यंत्राने सहजासहजी सोडू नये, हे म्हणणे वावगे नाही. संकटात माणसाला झटापट न करता ताबा मिळाला पाहिजे, हेही तितकेच रास्त आहे. दोन्हीकडे घात केला तो एकाच गोष्टीने : त्या घटकेस कोणता नियम चालू आहे हे दांडा धरणाऱ्याला ठाऊक नव्हते.

मामलेदाराची बदली झाली म्हणजे नवा मामलेदार खुर्चीत बसण्यापूर्वी खजिन्याची मोजदाद होते, किल्ल्या हवाली होतात, उभयतांच्या सह्यांनिशी चार्ज दिल्या-घेतल्याचा कागद तयार होतो, आणि अमुक घटकेपर्यंत जबाबदारी कोणाची होती हे पुढे कितीही वर्षांनी सांगता येते. दोन वैमानिकांमध्ये असा परिपाठ आहे; एक म्हणतो ‘यू हॅव कंट्रोल’, दुसरा ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून उत्तर देतो, आणि हे उत्तर कानी पडल्यावाचून पहिला आपला हात काढीत नाही. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये मात्र एवढी स्वच्छ देवघेव नाही. ऑटोपायलट साफ सुटला तर आजच्या विमानात मोठा ध्वनी होतो हे खरे. पण ऑटोपायलट चालूच राहून त्याने आपले उद्दिष्ट बदलले, म्हणजे वेग सांभाळण्याऐवजी तो उंची सांभाळू लागला, किंवा इंजिनांची सूत्रे त्याने निष्क्रिय ठेवली, तर त्याची खबर बहुधा पडद्याच्या माथ्यावर बदललेल्या चार-सहा अक्षरांनी मिळते, आणि उतरण्याच्या गर्दीत ती अक्षरे वाचण्यास डोळे मोकळे असतीलच असे नाही.

या प्रकारची सर्वांत कटू शिकवण आपल्या देशाला फार लवकर मिळाली होती. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटले आणि १४६ पैकी ९२ माणसे प्राणास मुकली. विमान नवे, त्याची संगणकाधिष्ठित नियंत्रणपद्धती जगालाच नवी. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की विमान उतरताना इंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या अवस्थेत यंत्रणा गेली होती, आणि वेग घसरत असल्याचे ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. यंत्रणा त्या अवस्थेत जाण्याचे सर्वाधिक संभवनीय कारण म्हणून असे मांडण्यात आले की मिनिटाला ७०० फूट या गतीने उतरण्याची आज्ञा द्यावयाची असता ७०० फूट उंची गाठण्याची आज्ञा दिली गेली असावी. कारण या दोन आज्ञांच्या खुंट्या फलकावर एकमेकींच्या जवळ आहेत. यंत्राने आज्ञाभंग केला नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने केले. वेग यंत्र पाहत आहे या विश्वासावर माणसे होती, आणि यंत्राला वेग पाहण्याचे कामच उरलेले नव्हते. तेवीस वर्षांनी, ६ जुलै २०१३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ धावपट्टीपुढच्या बांधावर आदळले तेव्हाही इंजिनांची स्वयंचलित सूत्रे स्वस्थ बसून होती आणि वैमानिक ती जागी आहेत असे धरून चालले होते. कारखाना वेगळा, देश वेगळा, पण समजूत हुबेहूब तीच. बंगळूरचा तो अहवाल आपल्या प्रत्येक वैमानिकी विद्यालयात आजही धड्यासारखा शिकवला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ९२ माणसांच्या मोलाने तो धडा या भूमीवर लिहिला गेला आहे.

आता कोणी म्हणेल की हाताने उडवण्याची सवय प्रत्यक्ष विमानातच का राखू नये? राखावी, आणि अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये विमान कंपन्यांना तसा उपदेशही केला आहे. परंतु या उपदेशाला एक मर्यादा आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधले उभे अंतर पूर्वी २,००० फूट असे, ते आता १,००० फूट आहे. आणि हे अंतर निम्म्यावर आणताना उंची राखण्याचे काम स्वयंचलित यंत्रणेने करावे अशी अट घालण्यात आली. म्हणजे प्रवासी विमान आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ ज्या उंचीवर घालवते, तेथे वैमानिकाला ते हाताने उडवण्याचा सरावच करता येत नाही. हवा तेथे विरळ असते, दांडा थोडासा हलवला तरी विमान जमिनीजवळच्यापेक्षा फार वेगळे वागते, आणि तोच नेमका अनुभव हातांपाशी नसतो.

१ जून २००९ च्या रात्री रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए-३३० अटलांटिकवर ३५,००० फुटांवर असता त्याच्या वेगमापक नळ्या हिमकणांनी बुजल्या, वेगाचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत, म्हणून ऑटोपायलटने ताबा सोडला आणि विमान अकस्मात वैमानिकाच्या हातात आले. विमानाला काहीही झाले नव्हते. वेगाचे आकडेही मिनिटभरात पूर्ववत झाले. परंतु हातांनी दांडा मागे ओढला, विमान चढले, त्याचा वेग सरला, पंखांखालची उचल नाहीशी झाली, आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसांसह ते समुद्रात गेले. त्यातही एक गोष्ट फार बोलकी आहे. या विमानात दोन वैमानिकांचे दांडे एकमेकांना जोडलेले नसतात; एकाने मागे ओढला तर दुसऱ्याच्या हाताला ते कळत नाही, आणि दोघांनी एकदम हलवले तर संगणक दोन्ही आज्ञांची बेरीज करतो. म्हणजे शेवटच्या त्या मिनिटांत यंत्राकडून माणसाकडे झालेले हस्तांतरही नीट झाले नाही आणि माणसाकडून माणसाकडे होणारेही झाले नाही. फ्रेंच चौकशी-मंडळाने ज्या शिफारशी केल्या त्यांत अतिउंचीवर हाताने विमान सांभाळण्याच्या सरावाची शिफारस होती, आणि तो सराव सिम्युलेटरखेरीज कोठेही शक्य नाही. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ सालीच आपल्या निबंधात दाखवून दिले होते की स्वयंचलन सोपी कामे माणसाकडून काढून घेते, अवघड तेवढी त्याच्यासाठी ठेवते, आणि ती अवघड कामे करण्यास लागणारा सरावही सोप्या कामांबरोबरच त्याच्यापासून हिरावून नेते. त्या वेळी ए-३२० जन्मालाही आले नव्हते.

सिम्युलेटरच्या इतिहासाकडे पाहिले तर त्याचा जन्मच हाताला वळण लावण्यासाठी झाला असे दिसते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याने आपल्या वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात, पेट्यांना हवा पुरवणारे भाते वापरून, १९२९ च्या सुमारास एक डुलणारी पेटी बनवली. प्रथम ती जत्रांतल्या करमणुकीसाठी खपली, आणि १९३४ साली टपाल वाहून नेणारे सैनिकी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरू लागले तेव्हा अमेरिकन सेनेने तशा सहा पेट्या विकत घेतल्या. पेटीला झाकण असे, बाहेरचे काही दिसत नसे. आपल्या शरीराच्या संवेदनेवर विसंबू नये, तबकड्यांवर विसंबावे, हे वळण तेथे हाताला लागे. आज सहा पायांवर डोलणाऱ्या, भोवती सबंध क्षितिज रंगवणाऱ्या यंत्रांत आपण येऊन पोहोचलो आहो, पण मूळ व्यवहार तोच आहे : हाताने काहीतरी करावे आणि त्याचे फळ खरेखुरे मिळावे. हे फळ खोटे मिळाले तर हात खोटे शिकतो, आणि शिकलेले विसरत नाही.

याचे जे उदाहरण मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ते १२ नोव्हेंबर २००१ चे आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे ए-३०० न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघाले, पुढे गेलेल्या मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यात सापडून थोडे हेलकावले, आणि सहवैमानिकाने ते सावरण्यासाठी पायांखालचे रडरचे पेडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण जोराने आळीपाळीने इतक्यांदा दाबले की शेपटीचा उभा पंखच मोडून पडला. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ अशी २६५ माणसे गेली. अमेरिकेच्या चौकशी-मंडळाने रडरच्या रचनेबरोबर त्या कंपनीच्या प्रशिक्षणक्रमाकडेही बोट दाखवले. त्या क्रमात भोवऱ्यातून सावरण्याचा एक पाठ होता. त्यात सिम्युलेटर विमानाला ९० अंशांहून अधिक कलवी, आणि वैमानिकाने ते आधीच सावरून पाठ निष्फळ करू नये म्हणून काही क्षण त्याच्या हातापायांच्या आज्ञा निष्प्रभ करून ठेवी. वैमानिक दांडा वळवी, पेडल दाबी, आणि काहीच होत नसे. म्हणून तो आणखी जोर लावी, आणि तेवढ्यात सिम्युलेटर आज्ञा पुन्हा स्वीकारू लागे. त्याच्या हातापायांनी यातून जो निष्कर्ष काढला असेल तो असा की अशा प्रसंगी मोठ्या जोराने दाबल्यावाचून विमान ऐकत नाही. हेतू निःसंशय चांगला होता. हीच ती कंपनी, जिच्या प्रशिक्षणकेंद्रात १९९७ साली वैमानिकांना पडद्यावर मार्ग दाखवणाऱ्या किरमिजी रेषेची लेकरे होऊ नका, यंत्र बंद करून हाताने उडवा, असे कळकळीने सांगितले गेले होते. इतकी जाणती माणसे असूनही सिम्युलेटरने आज्ञेला दिलेले खोटे उत्तर त्यांना घातक वाटले नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयात किती दक्षता लागते ते कळते.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने पडून ३४६ माणसे मेली, तेव्हा एका स्वयंचलित व्यवस्थेने शेपटीचा पंख पुनःपुन्हा फिरवून नाक खाली दाबले होते, आणि वैमानिक अंगठ्याखालच्या बटणाने ते पुनःपुन्हा वर आणीत होते. इथिओपियाच्या वैमानिकांनी त्या पंखाची विद्युत्-यंत्रणाच तोडली आणि गुडघ्याशेजारचे चाक हाताने फिरवून पंख सरळ करण्याचा यत्न केला. पण वेग इतका वाढला होता की हवेच्या दाबापुढे चाक हलेना. त्यानंतर मे २०१९ मध्ये कारखान्याने कबूल केले की या जातीच्या सिम्युलेटरची प्रणाली काही परिस्थितींतील उड्डाण हुबेहूब दाखवू शकत नव्हती, आणि ती दुरुस्त केली आहे. त्या परिस्थितींत हाताने चाक फिरवण्याचा प्रसंगही होता. किंबहुना या नव्या विमानासाठी जुन्या ७३७ च्या वैमानिकांना सिम्युलेटरचे शिक्षण लागणारच नाही, ही त्याच्या विक्रीतली एक मोठी सोय मानली गेली होती. जानेवारी २०२० मध्ये कारखान्याने ते मत बदलले. सिम्युलेटरची ती दुरुस्ती होईपर्यंत या जातीच्या सिम्युलेटरवर वैमानिकाच्या मनगटाला त्या चाकाचे खरे वजन कळण्याची व्यवस्था नव्हती.

घरातल्या संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेटरांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते; कारण गोंदियाच्या किंवा बारामतीच्या उड्डाणसंस्थेत दाखल होणारा तरुण आज बहुधा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगियर यांवर वर्षानुवर्षे हात फिरवून येतो. या प्रणालींत जॉयस्टिकची आज्ञा आणि ऑटोपायलटची आज्ञा या दोन्ही अखेर एकाच आकड्यावर येऊन ठेपतात. शेपटीची पट्टी किती वर, किती खाली, हे सांगणारा तो एक आकडा. कोणाची आज्ञा मानावयाची याचा नियम ठरलेला नसेल तर जो शेवटी लिहील त्याचा आकडा चालतो. स्वस्त जॉयस्टिकच्या विद्युत्-संकेतात किंचित थरथर असतेच. ती थरथर हाताची आज्ञा समजून प्रणाली ऑटोपायलटच्या कामात ढवळाढवळ करते, किंवा ते टाळण्यासाठी मध्यभागी एक मृत पट्टा ठेवते आणि मग हाताच्या सूक्ष्म हालचालीही त्यात बुडतात. इंजिनाच्या दांड्याचे तर याहून वाईट. मेजावरचा दांडा तळाशी, यंत्रणेने मात्र इंजिने ८० टक्क्यांवर ठेवलेली. ताबा हाती घेताच इंजिने एकदम बंदवत् होतात. काही प्रणालींत दांडा त्या ८० टक्क्यांच्या खुणेपाशी नेईपर्यंत त्याची आज्ञा मानली जात नाही, आणि ही पद्धत मला सर्वथा शहाणपणाची वाटते.

परंतु याहून गंभीर गोष्ट म्हणजे गुप्त साहाय्य. घरी पेडल नसतात म्हणून प्रणाली वळताना रडर आपणहून जोडते. ट्रिम आपणहून सावरते. नवशिक्याचे विमान कोलमडू नये म्हणून त्याच्या आज्ञा सौम्य करते. पडद्यावर याचा कोठेही उल्लेख नसतो. मग तोच तरुण लहान सेसना विमानात बसतो तेव्हा त्याचे पाय स्वस्थ असतात, आणि ट्रिम म्हणजे दांड्यावरचा जोर हलका करण्याची सोय आहे हे त्याच्या तळहाताला माहीतच नसते. कारण स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर तो जोर ट्रिमने कधीच कमी होत नाही, हाताने दांडा मध्यावर सोडावा लागतो. असे साहाय्य असू नये असे मी म्हणत नाही. अपंग माणसाला, बालकाला, केवळ आनंदासाठी उडवणाऱ्याला ते जरूर मिळावे. पण ते आरंभी बंद असावे, चालू केल्यास त्याचे नाव पडद्यावर सतत दिसावे, आणि या क्षणी विमान कोणाच्या आज्ञेने चालले आहे हे विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपात वाचता यावे. फ्लाइटगियरसारखी प्रणाली तर मुक्त आहे, तिचा मजकूर कोणालाही पाहता येतो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एवढी सुधारणा करण्याचे मनावर घेतले तर तो उपकार साऱ्या जगातल्या शिकाऊ वैमानिकांवर होईल.

स्वयंचलनाने विमानप्रवास पूर्वीपेक्षा फार सुरक्षित केला, यात शंका नाही, आणि मी त्याच्या विरोधात एक अक्षरही लिहिलेले नाही. माझी तक्रार सिम्युलेटरच्या तासांची वाटणी कशी होते याविषयी आहे. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची यादी ठरलेली असते : धावपट्टीवर वेग घेताना एक इंजिन बंद पडणे, एका इंजिनावर उतरणे, उतरणे रद्द करून पुन्हा चढणे, आग, धूर, आणीबाणीत खाली येणे. यादी पुरी झाल्यावाचून परवाना चालू राहत नाही, सिम्युलेटरचा तास महाग असतो, म्हणून यादी पुरी करण्यातच तास संपतो. परीक्षार्थी प्रसंग ओळखून येतो, कारण ते प्रसंग त्याने मागच्या वेळी आणि त्याच्याही मागच्या वेळी पाहिलेले असतात. यात ऑटोपायलट सुटतो तोही सांगून-सवरून सुटतो. एरोफ्लोटच्या विमानासारखा अर्धाच सुटत नाही, आणि बंगळूरसारखा चालू राहून भलतेच काम करीत नाही. शिवाय कंपन्या प्रत्येक उड्डाणाची नोंद तपासतात, मर्यादेबाहेर गेलेल्या प्रत्येक आकड्याचा जाब विचारतात. ही तपासणी आवश्यकच आहे, पण तिच्या धाकाने वैमानिक स्वच्छ हवेतसुद्धा हाताने उडवण्यास कचरतो आणि उतरण्याच्या अखेरच्या काही मिनिटांपुरताच दांडा धरतो. व्यावसायिक परवान्यासाठी लहान विमानावर हाताने केलेले २०० तास पुढच्या दहा वर्षांत कोठवर पुरणार?

सबब नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने प्रत्येक सहामाही परीक्षेला जोडून निदान अर्धा तास असा राखून ठेवावा, की ज्यात यादी नसेल. या अर्ध्या तासात प्रशिक्षकाने ३५,००० फुटांवर, कोणतीही पूर्वसूचना न देता, यंत्रणेचा ताबा कधी पूर्ण, कधी अंशतः काढून घ्यावा. कधी तिचे उद्दिष्ट नुसते बदलावे आणि वैमानिकाच्या ते किती वेळाने ध्यानात येते हे पाहावे. वैमानिकाने प्रत्येक वेळी विमान आता कोणाकडे आहे, यंत्र काय सांभाळीत आहे आणि आपण काय, हे मोठ्याने उच्चारून आपल्या सहकाऱ्याकडून त्याला होकार घ्यावा. आणि मग प्रशिक्षकाने त्याच प्रसंगाचे चित्रण दोघांना दाखवून, त्या घटकेस यंत्राच्या लेखी काय चालले होते ते समजावून सांगावे. सिम्युलेटर कोणत्या परिस्थितीत खऱ्या विमानापासून फारकत घेतो याचे लेखी निवेदन, कारखान्याकडून मागवून घेऊन, प्रत्येक वैमानिकाच्या हाती द्यावे. खर्च वाढेल, तो तिकिटात येईल, आणि तो देण्यास कोणताही प्रवासी का-कू करील असे मला वाटत नाही. मात्र या अर्ध्या तासात कोण उत्तीर्ण झाला आणि कोण अनुत्तीर्ण, याची नोंद परवान्याच्या दप्तरात जाता कामा नये. कारण ती जाऊ लागली की पुढच्या सहामाहीपर्यंत हा अर्धा तासही यादीत जमा होईल, वैमानिक तो पाठ करून येतील, आणि अकस्मात हाती आलेले विमान सावरण्याचा हाताला प्रथमच प्रसंग येईल तो प्रवाशांनी भरलेल्या विमानात.